चादरीवरचं पाणी

किस्से कोणी जमवत नाही हो, ते आपोआप साचतात. माझ्या दुकानात एक खोका आहे, त्यात तुटके रिमोट, अर्धे स्क्रू, कुठल्यातरी फ्रिजचं बटण असलं सगळं पडलेलं असतं. कधी टाकलं, कशाला टाकलं, पत्ता नाही. फेकवत पण नाही. आमच्या फिल्म क्लबच्या किश्शांचं तसंच झालंय. परवा चहाला बसलेलो तर एकजण म्हणाला, "मिल्या, लिहून ठेव रे हे. तू गेलास तर आम्हाला खोटं सांगत बसावं लागेल!"

म्हणून लिहितोय. आधी माणसं सांगतो, फार नाहीत, घाबरू नका.

मी मिलिंद. डोंबिवलीत एसी आणि फ्रिज दुरुस्त करतो. म्हणजे लोकांची खोली थंड करतो आणि गल्ली गरम करतो. आमचे वैद्य सर माझी ओळखच तशी करून देतात, "हा आमचा जागतिक तापमानवाढीचा स्थानिक प्रतिनिधी!" सर शाळेत भूगोल शिकवायचे. मला एकदा शंभरात बारा दिलेले. आता रिटायर झालेत, पण तोंडात भाषा अजून पुस्तकातली. सरांचा एक गुण सांगून ठेवतो, पुढे लागेल. सर खोटं बोलत नाहीत. अजिबात नाही. फोनवर "घरी नाही म्हणून सांग" एवढंसुद्धा त्यांना जमत नाही.

तिसरी रोहिणी कांबळे. दवाखान्यात नर्स आहे, राहते कोपरला खाडीकडच्या चाळीत. क्लबचं खरं इंजिन तीच. आम्ही नुसते सिनेमे दाखवणारे. पाऊस, समुद्र, जंगल, ऊन, असल्या विषयांवरच्या फिल्म कुठूनतरी मिळवायच्या, सोसायटीच्या हॉलमध्ये नाहीतर चाळीच्या चौकात पांढरी चादर बांधायची आणि दाखवायच्या. म्हणून क्लबचं नावच पडलं 'चादर'. पण सिनेमा संपला की रोहिणी विचारायची, "बरं, मग आता करायचं काय?" या एका प्रश्नाने आमची वाट लावली.

आणि चौथी माई, रोहिणीची आई. ती क्लबमध्ये नाही. क्लब तिच्यासाठी आहे म्हणा. ते सांगतोच.

*

पहिला किस्सा मे महिन्यातला. डोंबिवली पूर्वेला एका सोसायटीच्या हॉलमध्ये हिमनद्या वितळण्याची फिल्म लावलेली. हॉलला दोन एसी, दोन्ही मीच सर्व्हिस केलेले, एकदम टकाटक. बाहेर असं ऊन की चप्पल डांबराला चिकटत होती. हॉल खच्चून भरला. सर खूष! म्हणाले, "समाजात जाणीव निर्माण होत आहे, मिलिंद."

फिल्म सुरू झाली. चादरीवर नुसता बर्फच बर्फ. निळा, पांढरा, मैलोन्‌मैल. मग एक डोंगराएवढा कडा कडाडून समुद्रात कोसळला. आणि अख्खा हॉल एका सुरात, "आहाहाहा!"

सरांचा चेहरा बघण्यासारखा झालेला. संपल्यावर उभे राहिले, घसा साफ केला, म्हणाले, "कोणाला काही प्रश्न?"

मागून एक काका उठले. "पहिला अर्धा तास परत लावता येईल का हो? तो, वितळायच्या आधीचा?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लाव."

मी लावला. तेवढ्यात रोहिणीचं लक्ष शेवटच्या रांगेकडे गेलं. तिथे कॉम्प्लेक्समध्ये घरकाम करणाऱ्या सात-आठ बायका आणि वॉचमन बसलेले. त्यातली एक भिंतीला टेकून डोळे मिटून होती. रोहिणीने जाऊन हात धरला, नाडी बघितली आणि मला हाक मारली, "मिलिंददादा, पाणी आण, मीठ-साखर घालून. हिला ऊन लागलंय." सकाळपासून चार घरची स्वयंपाकघरं उरकून आलेली ती, आणि संध्याकाळी अजून दोन होती. मधले तीन तास कुठे बसायचं, तर जिन्यात. बाई सावरली, पण रोहिणीने नेहमीचा प्रश्न टाकलाच. "हा हॉल दुपारी रिकामाच असतो ना? मग आता करायचं काय?"

*

करायचं ते केलं. महिनाभर दुपारी एक ते चार हॉल उघडा ठेवा, असा अर्ज सोसायटीला दिला. सेक्रेटरी पाटणकर. माणूस वाईट नाही, पण नियमाला पक्का. म्हणाले, "हॉल कार्यक्रमासाठी देता येतो. झोपायला देता येत नाही."

सर म्हणाले, "कार्यक्रम असेल."

झालं! रोज दुपारी एक वाजता मी चादर बांधायचो, हिमनदी लावायचो आणि आवाज बंद करायचो. खाली सतरंजीवर बारा-पंधरा माणसं आडवी. घरकामाच्या बायका, वॉचमन, पार्सलवाले, एक कल्हईवाला पण यायचा. वर चादरीवर बर्फ कोसळतोय आणि खाली घोरणं चाललंय.

चौथ्या दिवशी पाटणकर तपासायला आले. "वैद्य सर, हे काय चाललंय?"

सरांनी शांतपणे चादरीकडे बोट केलं. "सिनेमा चालू आहे."

"बघतंय कोण?"

"मी."

आणि खरंच बघत होते हो! खुर्चीवर ताठ बसून, रोज, पहिल्यापासून शेवटपर्यंत. खोटं बोलायचं नाही म्हणून.

पुढच्या आठवड्यात पाटणकरांच्या विंगची लाइट गेली. दुपारी दोनला आले, घामाने शर्ट चिकटलेला. आधी खुर्चीवर बसले. मग सतरंजीच्या कडेला टेकले. मग त्या कल्हईवाल्याच्या शेजारी आडवे! फिल्म संपली तशी मी जाऊन हलवलं, "साहेब, संपला सिनेमा." तर डोळे न उघडता म्हणतात, "उठवू नको रे. शेवट माहितीये मला."

त्या मे महिन्यानंतर दर उन्हाळ्यात हॉल उघडतो. अर्ज करावा लागत नाही. सतरंज्या पाटणकर स्वतः धुवायला टाकतात.

*

एकदा अंधेरीहून सिनेमावाले आलेले. खरे, व्हॅनिटी व्हॅनवाले. त्यांना भविष्यातलं उद्ध्वस्त शहर पाहिजे होतं आणि कोणीतरी त्यांना एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांकडचा रस्ता सुचवला. आता सांगा, आम्ही रागवायचं की मिरवायचं? हिरॉइनच्या व्हॅनमधला एसी बिघडला म्हणून मला बोलावलं, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

सीन असा, हवा विषारी झालीये आणि हिरॉइन तोंडावर मास्क लावून जिवाच्या आकांताने पळतेय. पण प्रत्येक टेकला एक काकू भाजीची पिशवी घेऊन मधून जायच्या. शेवटी डायरेक्टरने हात जोडले. "मॅडम, प्लीज, थोडा साइड में."

काकू थांबल्या. "होते हो साइडला. पण ती पळतेय का?"

मी सांगितलं, "काकू, हवा विषारी झालीये. सिनेमात."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. मान वर केली आणि दोनदा नीट वास घेतला, जसा आपण आमटीचा घेतो तसा. मग डायरेक्टरला म्हणाल्या, "आज? छे हो! आज वारा पलीकडे वाहतोय. मंगळवारी या."

युनिट हसून हसून आडवं झालं. आणि गंमत म्हणजे मंगळवारी ते खरंच आले, कारण सीन राहिलेला. अर्ध्या तासात कॅमेरावाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी मास्क चढवलेले. काकू गॅलरीत कपडे वाळत घालत बघत होत्या. मी पण हसलो. पण घरी येऊन खिडक्या लावताना माझं मलाच कळेना की मी हसलो कशाला.

*

आता माई.

कोपरच्या त्या चाळीत तळमजल्यावर पंधरा खोल्या आणि मागे खाडी. दोन वर्षांपूर्वी मोठा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली आणि पाणी सरळ घरात शिरलं. रोहिणी दवाखान्यात ड्युटीवर. माई एकटी, गुडघे कामातून गेलेले, कॉटवर बसून राहिली. शेजारच्या पोरांनी कमरेएवढ्या पाण्यातून उचलून काढली तेव्हा कॉटसुद्धा तरंगायला लागलेली. रोहिणी संध्याकाळी पोहोचली. त्या दिवसापासून तिचं एकच टुमणं, पुढच्या वेळी पाणी यायच्या आत माई वर असली पाहिजे.

वर म्हणजे चाळीच्या तोंडाशी पहिल्या मजल्यावर बुद्धविहार आहे, तिथे. मोठा हॉल, पक्का जिना. विहाराच्या मंडळींनी आधीच सांगितलेलं, केव्हाही या, किल्ली रोहिणीकडेच ठेवा. खिचडीची भांडीसुद्धा काढून ठेवलेली. अडचण एकच होती. माई येणार नव्हती.

"ह्या भिंती तुझ्या बाबांनी रविवारी रविवारी बांधल्यात," माई म्हणायची. "एकदा घर सोडून गेलेले मी, तुझ्या जन्माच्या आधी. म्युनिसिपालटीवाले 'आठ दिवसांत परत या' म्हणाले. परत आलो तर झोपडीच्या जागी पत्र्याचं कुंपण. आता मी उठत नाही. पाणी येतं तसं जातं."

रोहिणी रडायची, ओरडायची, अबोला धरायची. माई भाकऱ्या थापत राहायची.

म्हणून रोहिणीने ठरवलं की चाळीच्या चौकात पुराची फिल्म दाखवायची. बघू दे काय होतं ते. मी फिल्म शोधली, कुठल्यातरी नदीकाठच्या गावावरची, मराठीत आवाज दिलेली. संध्याकाळी सातला चादर बांधली. चाळ लोटली. माई पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. फिल्म जबरदस्त होती! ढग, वारा, गुरं सुटून पळतायत, सगळे श्वास रोखून. आणि तेवढ्यात पडद्यावर एक माणूस धावत येतो आणि बोंबलतो, "पाणी आलं! पाणी आलं!"

पहिली माई उठली. तिच्या मागे अख्खी चाळ!

तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो. त्या चाळीत नळाला पाणी एक दिवसाआड, ते पण चाळीस मिनिटं, आणि वेळ कोणालाच माहीत नाही. 'पाणी आलं' ही हाक पडली की माणूस तोंडातला घास टाकून उठतो. आणि नळावरची मुकादम म्हणजे माई. कोणाचा हंडा आधी, कोणाचा नंतर, हे ती ठरवते. गुडघ्यांचं दुखणं बाकी सगळ्या कामांना आडवं येतं, याला नाही.

दोन मिनिटांत चौकात उरले मी, रोहिणी, सर आणि रिकाम्या खुर्च्या. चादरीवर बिचारं गाव बुडत होतं. थोड्या वेळाने माई रिकामा हंडा घेऊन परत आली, सरळ माझ्यासमोर. "मिलिंदा, मेल्या, चेष्टा करतोस म्हाताऱ्या माणसाची?"

"माई, मी नाही, सिनेमातला माणूस ओरडला."

"मग त्याला सांग, पाण्याच्या बाबतीत असं खोटं ओरडू नये!"

*

मला तेव्हापासून एक कोडं पडलंय. आपल्या माणसांना पाण्याची भीती का वाटत नाही? ठाण्यात त्याचं उत्तर मिळालं, किंवा कोडं वाढलं म्हणा.

नवरात्रात टेंभी नाक्याजवळच्या एका गल्लीतल्या छोट्या मंडळाने बोलावलेलं. त्यांना 'बुडणारं शहर' असा देखावा करायचा होता आणि मागे आमची चादर लावून समुद्राची फिल्म. पोरं हौशी! जमिनीवर प्लास्टिक अंथरून खरं पाणी सोडलं, त्यात पुठ्ठ्याच्या अर्ध्या बुडालेल्या बिल्डिंगी, एक छोटी रिक्षा उलटी तरंगतेय. पाटी लावली, 'हे तुमचं शहर आहे. जागे व्हा!' सर म्हणाले, "प्रभावी आहे. लोक हादरतील."

पहिल्या बाई आल्या, देवीला नमस्कार केला, देखावा बघितला, आणि पर्समधून नाणं काढून पाण्यात टाकलं. त्यांचं बघून मागच्याने टाकलं. मग रांगच! मंडळाचा कार्यकर्ता धावला, "अहो काकू, हे पुराचं पाणी आहे!"

"असू दे की," काकू म्हणाल्या. "देवीपुढचं आहे ना?" आणि दोन बोटं बुडवून डोळ्यांना लावली, वर सरांच्या पण कपाळाला लावली.

येताना सर प्रवासभर कपाळाला हात लावून बघत होते. डोंबिवली आलं तेव्हा म्हणाले, "मिलिंद, या लोकांना पाण्याला घाबरवणं शक्य नाही. दुसरा मार्ग शोधला पाहिजे."

*

म्हात्रेबाबांना विसरलो तर पाप लागेल. खाडीवरचे जुने आगरी, वय विचारलं तर म्हणतात, "मोजलं नाय." सरांनी चाळीत समुद्राची पातळी आणि उपग्रह यावर भाषण दिलं, फिल्म दाखवली. उपग्रह कसा फिरतो, कशी मोजणी करतो. म्हात्रेबाबा शेवटी उठले.

"मास्तर, ह्या तुमच्या सॅटेलाइटला ठाव हाय काय, आपल्या खाडीला आज भरती कवा?"

सर कधी नव्हे ते अडखळले. मी मोबाइल काढला तर रेंज नाही.

बाबा म्हणाले, "आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. ती बंदरावरची भरती. आपली खाडी आत हाय, तासभर उशीर. साडेपाच."

घड्याळात पाच वाजलेले. सगळे उठून बांधावर गेलो, चाळीतली पोरंटोरं पण. पाणी हळूहळू वर येत होतं. साडेपाचला, खरं सांगतो, एक मिनिट इकडे नाही तिकडे नाही, पाणी थांबलं. एक बाटली तरंगत येत होती, ती जागच्या जागी उभी राहिली आणि मग उलटी फिरली.

सरांनी बाबांचा हात हातात घेतला. "शंभरपैकी शंभर!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला बारा दिले होते ते जास्तच झाले."

*

मग मे संपता संपता चाळीच्या चौकात मीटिंग झाली. विषय एकच. पाणी चढणार असेल तर चाळीला सावध करायला ओरडायचं काय?

रोहिणीने पहिलाच नियम घातला, "'पाणी आलं' म्हणायचं नाही. सगळे नळावर जातील." मंजूर.

एकजण म्हणाला, सायरन वाजवू. एका रविवारी अकरा वाजता मी भाड्याने आणलेला सायरन वाजवून बघितला. चाळीतले तिघे डबा घेऊन बाहेर आले. नाइट शिफ्टवाले, झोपेतच कंपनीत निघालेले! सायरन परत केला.

दुसरा म्हणाला, "पूर आला, असं ओरडू." माई तिथे खिचडीचे तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पूर गावाला येतो. इथे नाला भरतो."

मग सरांनी मेसेज लिहिला, चाळीच्या ग्रुपवर टाकायला. 'सखल भागातील रहिवाशांनी भरतीपूर्वी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.' चाचणी म्हणून पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'रॉंग नंबर. इथे सखल म्हणून कोणी राहत नाही.'

आम्ही हसलो. रोहिणी हसली नाही. तिने विहाराची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "तुम्हाला गंमत वाटते. मला रोज ड्युटीवर जाताना वाटतं की आजच." मीटिंग तशीच संपली, शब्द काही ठरला नाही.

*

आणि आला जुलै. दोन दिवस पाऊस थांबायचं नाव घेईना. गंमत बघा, एवढ्या पावसात चाळीचे नळ कोरडे! पंपात गाळ गेलेला म्हणे. दोन दिवस पिण्याचं पाणी नाही, सगळे हंडे दारात पालथे.

सकाळी म्हात्रेबाबांचा मला फोन. "मिलिंदा, आज दुजा हाय. दोनाची पाऊणपट दीड, आन वर एक तास. अडीचला खाडी घरात येल. ह्या वेळेस मोठी येल."

मी सरांना उचललं, कोपर गाठलं. रोहिणीने अर्धी रजा टाकली, पण दवाखान्यातून सुटून पोहोचेपर्यंत पावणेदोन वाजले. आम्ही तोवर दार न् दार वाजवत होतो. "चला वर, विहारात चला." लोक म्हणत, हो येतो, भात होऊ दे. येतो, ह्यांना येऊ दे. कोणी म्हणे, मागच्या वेळी तर चारला आलेलं. मागच्या गटाराचं पाणी काठोकाठ होतं, पण गटार काय, दर पावसात भरतं.

माई कॉटवर बसलेली. मांडीवर पत्र्याची पेटी, त्यात घराचे कागद.

"माई, ऊठ."

"नाही."

"माई, मी पाया पडते तुझ्या."

"तू जा वर. मी हाय इथे. पाणी येतं तसं जातं."

रोहिणी उंबऱ्यातच बसली आणि ढसाढसा रडायला लागली. गणवेशातच. मी म्हटलं, माई, मी उचलून नेतो. तर माईने पलंगाची दांडी अशी धरली की हात सोडवताना मोडला असता. मला पण रडू यायला लागलं, खोटं कशाला बोलू. दोन वाजून गेलेले. मी सरांना शोधायला बाहेर बघितलं तर सर गायब. म्हटलं, हे म्हातारे अशा वेळी गेले कुठे?

सर विहाराच्या गॅलरीत होते. डोक्यावर छत्री नाही, चष्म्यावरून पाणी वाहतंय, दोन्ही हातांनी कठडा धरलेला. जन्मभर 'शांत बसा' यापेक्षा मोठ्याने न बोललेला माणूस असा बोंबलला की पलीकडच्या चाळीतली कुत्री भुंकायला लागली.

"पाणी आलंऽऽ! पाणी आलंऽऽ! वर या! हंडे घेऊन या!"

माईने दांडी सोडली.

पेटी बगलेत, एका हातात हंडा, दुसऱ्यात कळशी. उंबऱ्यात रोहिणी बसलेली, तिला ओलांडून बाहेर! "ऊठ गं, रडतेस काय, कळशी धर!" आणि मग चाळभर तिचा आवाज. "ए, पाणी आलं वर! आधी म्हातारी माणसं, मग लेकुरवाळ्या! ढकलाढकली करायची नाही! सात नंबर, बादली घे, पोराला घे!" पंधराच्या पंधरा दारं उघडली. कोणाचा भात गॅसवर, तो बंद करून निघाले. जिन्यावर ही रांग, बायका, पोरं, हंडे, बादल्या, आणि सगळ्यात पुढे माई. दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढता येत नाहीत म्हणणारी माई अठरा पायऱ्या चढली, मध्ये एकदा थांबली ती मागे वळून रांग सरळ करायला.

शेवटचा मी, एका आजोबांना धरून. वर पोहोचलो तर सगळी चाळ हॉलमध्ये, आणि माई कोपऱ्यातल्या नळापाशी. तिने तोटी पिळली. नळ कोरडा. परत पिळली. नळाने फुस्स केलं.

माई सावकाश वळली. सर दारात उभे होते, अंगातून पाणी निथळत होतं.

"मास्तर," माई म्हणाली. "तुम्ही पण? कुठाय पाणी?"

सरांनी मनगट पुसून घड्याळात बघितलं. दोन वाजून वीस मिनिटं झालेली.

"बसा, माई," सर म्हणाले. "दहा मिनिटांत येईल."